साठ टक्के पापलेट

१२ एप्रिल २००४, सोमवार

समितीची पहिली बैठक झाली. चहा गार, पंखा बंद, आणि रावसाहेबांच्या तोंडी तासाभरात अकरा वेळा 'समन्वय'. रावसाहेब म्हणजे मत्स्य खात्याचे अधिकारी आणि या समितीचे सचिव. समुद्रातलं पापलेट संपत चाललंय हे सरकारला आत्ता कळलंय. पुढच्या हंगामात खारदांडी बंदरातल्या बोटींनी एकूण किती टन पापलेट पकडायचं, त्याची मर्यादा ठरवून द्यायची आणि ती मी ठरवायची. बैठक पुण्यात, आमच्याच संस्थेत, कारण मी कुठे जात नाही. ज्यांना आकडे हवे असतात ते येतात.

खारदांडीची मोजणी १९८९ पासून माझ्या पद्धतीने होते. पद्धत मी शनिवार पेठेतल्या आमच्या गॅलरीत बसून आखली आणि पंधरा वर्षांत तीत एकाही माणसाला खोट काढता आलेली नाही. मी स्वतः मासा कधी हातात धरलेला नाही. त्याची गरजही नसते. क्षयाचे आकडे काढायला क्षय व्हावा लागत नाही.

हिशोब सरळ आहे. बंदरावरची पकड दहा वर्षांपूर्वी तीन हजार टन होती, आता गेल्या तीन वर्षांची सरासरी दीड हजार. मर्यादा म्हणजे तीन वर्षांच्या सरासरीच्या साठ टक्के. हा नियमही माझाच, समितीने तो आज लेखी मान्य केला. आले नऊशे टन.

मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्ष बायडाबाई. स्वतःच्या तीन बोटी, आवाज चौथ्या बोटीएवढा. मी समोर बसलेली असताना त्या रावसाहेबांना म्हणाल्या, "नऊशे टन मंजी किती, ह्या बाईला ठावं हाय का इचारा जरा."

मी म्हटलं, "आठशे नव्याण्णवच्या पुढचा आकडा. आणखी काही शंका?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मीही राहिले. रावसाहेब म्हणाले, समन्वय.

१५ एप्रिल, गुरुवार

पंधरा वर्षांच्या नोंदवह्या आता म्हणे संगणकात जाणार. खात्याने ते काम हिंजवडीच्या एका कंपनीला दिलंय. कंपनीने एक मुलगी पाठवली, उत्कर्षा. वय पंचवीस, गळ्यात कंपनीचा पट्टा, अंगात जीन्स. वीस मिनिटं उशिरा आली. "मॅडम, बसला दोन तास लागले, काय ट्रॅफिक आहे!" म्हणाली. मी म्हटलं, मला घरून चालत दहा मिनिटं लागतात, तरी मी वेळेवर येते.

भंडाऱ्याची आहे. तळ्याकाठी घर, वडील तळ्यात मासे धरतात. मी न विचारता तिनेच हे सगळं सांगितलं. मग विचारलं, "मॅडम, तुम्ही खारदांडीला केव्हा गेल्या होत्या?"

मी म्हटलं, नोंदवह्या त्या कपाटात आहेत.

२७ एप्रिल, मंगळवार

आजचा प्रकार लिहितानाही किळस येते. बायडाबाईंनी बैठकीत पिशवीतून स्टीलचं ताट काढलं, डबा उघडला आणि माझ्या टेबलावर, कागदांच्या शेजारी, मासे मांडले. चांगले चार.

"माझ्या सासूच्या टायमाला येक पापलेट ह्या ताटाभायेर जायाचा," म्हणाल्या. "आता बघा, चार हातावर बसत्यात. दूधपिती पोरं हायेत ही! हे लिवा ना तुमच्या कागदाव. बारीक आसाची जाली बंद करा, मासली गोठवनाऱ्या कंपन्यांना बारका माल घेऊ नका म्हणा. आमच्या बोटी कशाला बांधताय किनाऱ्याला?"

मी नाकाला रुमाल लावून सांगितलं की ताट हे मोजमाप नाही, सासू हे वर्ष नाही आणि जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचा आकार, हा या समितीचा विषय नाही. विषय आहे टन.

तेवढ्यात त्या उत्कर्षाने माझ्या पेनांच्या डब्यातली पट्टी घेतली आणि एकेक मासा मोजायला लागली! माझी पट्टी! "साडेचौदा सेंटीमीटर," म्हणे, "मॅडम, यांनी तर अंडी पण घातली नसतील अजून. आमच्या तळ्यावर असा मासा जाळ्यात आला ना, तर बाबा परत सोडतात."

मी तिला सगळ्यांसमोर विचारलं, तुमची नेमणूक टंकलेखनासाठी आहे की सुईणपणासाठी? रावसाहेब हसले. पट्टी मी धुवायला दिली नाही, टाकूनच दिली.

३ मे, सोमवार

उत्कर्षा एक रंगीत कागद घेऊन आली. पंधरा वर्षांच्या नोंदी वारांप्रमाणे लावल्या होत्या. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, रविवार यांचे उंच खांब. सोमवार, गुरुवार, शनिवार मोकळे.

"मॅडम, सोमवारी समुद्रात मासे नसतात का?"

मी शांतपणे समजावलं. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी लोक मासे खात नाहीत. लोक खात नाहीत म्हणून बाजार नाही, बाजार नाही म्हणून बोटी रिकाम्या. मोजणीच्या सूचनांमध्ये १९८९ सालीच मी लिहिलंय, या तीन वारी पकड शून्य धरावी.

"म्हणजे त्या दिवशी मोजायला कोणी जातच नाही?"

"शून्य मोजायला एसटीचं भाडं द्यायचं?"

"पण मॅडम, कोणते लोक खात नाहीत?"

"लोक म्हणजे लोक!" मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा, शिपाई दारात येऊन उभा राहिला.

ती कागद ठेवून गेली. तिच्या कंपनीला पत्र लिहिलं, की या मुलीला कामाची मर्यादा कळत नाही आणि वरिष्ठांशी बोलण्याची रीतही. टपालात टाकलं तेव्हा बरं वाटलं.

४ मे, मंगळवार

कालचं पुन्हा वाचलं. पद्धत बरोबर आहे.

१० मे, सोमवार

पद्धत बरोबर आहे हे सिद्ध करायला आता दुसऱ्या कोणाची साक्ष काढायची गरज नव्हती, पण मलाच खाज. रात्रीचं जेवताना बाळदादाला म्हटलं, "काय रे, सोमवारी मासे कोण खातं?" बाळदादा माझा मोठा भाऊ, बँकेतून निवृत्त, आमच्या घरात आता आम्ही दोघंच. आई असल्यापासून या घरात सोमवार, गुरुवार, शनिवार पाळले जातात. इतर वारीही मासे नसतातच म्हणा, पण या तीन वारी विशेष नसतात.

त्याचा घास हातातच राहिला. मग म्हणाला, "मी."

मला वाटलं चेष्टा करतोय. "कधीपासून?"

"तुझी वहिनी गेली तेव्हापासून. सोमवारी दुपारी. कसब्यातल्या त्या खानावळीत."

"सोमवारीच का पण?"

"तू सोमवारी संस्थेत उशिरापर्यंत असतेस. शिवाय त्या दिवशी गर्दी नसते, नि माल ताजा असतो."

एकोणीस वर्षं! एका छताखाली! मी विचारलं, आजही? तो म्हणाला, "आज बांगडा होता. चांगला होता गं."

मी वाढलेलं पान टाकून उठले. आपल्या घरातला सोमवार मला माहीत नाही आणि मी खारदांडीचा सोमवार गॅलरीत बसून लिहिला. हे कोणाला सांगू नये असं वाटतंय, म्हणून इथे लिहिते.

२४ मे, सोमवार, खारदांडी

काल एसटीने आले, सोसायटीच्या ऑफिसमागच्या खोलीत उतरले. पहाटे धक्क्यावर गेले.

बोटी रिकाम्या? एकही नाही. सोमवारी गावातले नि आसपासचे विक्रेते माल उचलत नाहीत, भाव पडतो, आणि पडत्या भावात सगळा माल कंपन्या घेतात. पुढे गोठवून परदेशी. म्हणून कंपन्यांच्या गाड्या सोमवारी, गुरुवारी, शनिवारीच येतात. बोटवाले आदल्या दिवशीची मासळीही बर्फात ठेवून याच दिवशी काढतात. लिलाव नाही, आरडाओरडा नाही, सगळं चिडीचूप चाललेलं. दुपारपर्यंत अकरा गाड्या भरल्या. मी एकेक खोका मोजला. सुरुवातीला नाकाला रुमाल होता. मग वहीला एक आणि पेनाला एक असे दोन्ही हात लागायला लागले, रुमाल कुठे पडला कळलं नाही.

आणि तिथे उत्कर्षा! रजा टाकून आली होती. ओल्या फरशीवर उकिडवी बसून पट्टीने मासे मोजत होती. "तुम्हाला कोणी पाठवलं?" मी विचारलं. "कोणीच नाही, मॅडम. दोनशे मोजले. एकशे नव्वदांच्या पोटात अंडं नाही. म्हणजे एकदाही न विता चालले हे." तिच्या हाताला वास येत होता. माझ्याही येत असणार.

बायडाबाईंनी चहा पाठवला नाही, स्वतः आणला. कप माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "पंधरा वर्सं तुमची माणसं येतात, नि नेमका ह्यो वार सोडून येतात. आमाला वाटला, सरकारचाच तसा हुकूम हाय."

हुकूम होताच. माझा.

२७ मे, गुरुवार

कंपन्यांच्या वजनकाट्याच्या पावत्या रावसाहेबांनी मागवून घेतल्या. तीन वर्षांची बेरीज मी दोनदा केली. माझ्या तीन 'रिकाम्या' वारांची पकड वर्षाला एकोणीसशे टन. मोजलेली दीड हजार. एकूण चौतीसशे.

म्हणजे दहा वर्षांत पकड घटली असं जे मी छातीठोकपणे सांगत होते, ती घटली नव्हती, ती मंगळवारातून सोमवारात गेली होती. चूक माझी आहे. हे तीन शब्द लिहायला मला अठरा मिनिटं लागली.

नियमाने नवी मर्यादा: चौतीसशेच्या साठ टक्के. दोन हजार चाळीस टन.

बाळदादा म्हणाला, "चूक झाली म्हणून सांगून टाक." मी म्हटलं, सांगणारच आहे, तू तुझं बांगड्याचं बघ.

७ जून, सोमवार

सांगितलं. उभी राहून, सगळ्यांसमोर, एकही शब्द न गिळता. माझी मोजणी पंधरा वर्षं चुकली, दोष पूर्णपणे माझा, खरी पकड चौतीसशे टन, आणि समितीने मान्य केलेल्या नियमानुसार मर्यादा दोन हजार चाळीस.

रावसाहेबांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्यांच्या बढतीच्या दिवशीही पाहिला नव्हता. नऊशेवरून मंत्र्यांपर्यंत तक्रारी गेल्या होत्या, आता सगळेच खूश.

उत्कर्षा उठली. तिला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं.

"मॅडम, थांबा ना. चूक कळली तर आकडा कमी व्हायला पाहिजे, वाढायला नाही. आपल्याला वाटत होतं त्याच्या दुप्पट मासा काढला त्यांनी, म्हणजे मागे तेवढा कमी उरला ना पाण्यात! आणि जो उरला तो असा, बोटाएवढा. ही लांबीची मोजमापं बघा. एकदा तरी बघा."

मी म्हटलं, "साठ टक्के हा नियम आहे. आकडा आवडला नाही म्हणून नियम बदलायचा नसतो. पंधरा वर्षं आकडे चुकवले मी. आता नियमही मोडू?"

"हो मॅडम," ती म्हणाली. "मोडा ना."

मला काय झालं सांगता येत नाही. दोन आठवड्यांपूर्वी त्या धक्क्यावर माझ्याजवळ होतं नव्हतं ते सगळं गेलं होतं, नियम तेवढा उरला होता, आणि ही कालची पोर तोही मागत होती. मी म्हटलं, "तुम्हाला नोंदी टंकायला ठेवलंय. अक्कल आमच्याकडे पुरेशी आहे."

ठराव मंजूर. रावसाहेबांनी पेढे मागवले. सगळ्यांनी घेतले. बायडाबाईंनी मात्र घेतला नाही, ताट पुढे सरकवलं आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. मनासारखं मिळालं तरी घमेंड जात नाही काहींची.

१४ जून, सोमवार

कंपनीचं उत्तर आलं. माझ्या ३ मेच्या पत्राची गंभीर दखल घेऊन उत्कर्षाला या कामावरून काढलं आहे. पत्र लिहिल्याचं मी विसरलेच होते.

तिने जाताना लांबीच्या मोजमापांची फाइल शिपायाकडे दिली. कपाटात ठेवली.

१६ ऑगस्ट, सोमवार

हंगाम सुरू, आदेश लागू. पेपरात चौकट आली आहे: 'स्वतःची चूक जाहीर करणारी प्रांजळ संशोधक'. बाळदादाने मोठ्याने वाचली आणि म्हणाला, "छान. आता प्रांजळपणे जेवून घे." आजकाल तो सोमवारी मला सांगून जातो.

खारदांडीला आता सातही वार मोजणी होते.

३ जानेवारी २००५, सोमवार

डिसेंबरची पकड अठ्ठ्याऐंशी टन. अठ्ठ्याऐंशीच. थंडीमुळे असावं.

७ मार्च, सोमवार

फेब्रुवारी एकसष्ट. मोजणीदारांवर ओरडले. फोनवर एक जण म्हणाला, "मॅडम, तुम्ही येऊन मोजा." मी गेले नाही.

३१ मे, मंगळवार

हंगाम संपला. सातही वार मिळून एकूण पकड तेराशे दहा टन.

खात्याचं पत्र आलं, मोठ्या लिफाफ्यात. 'सन २००४-०५ मध्ये खारदांडी बंदरात पापलेटच्या निर्धारित मर्यादेचे एकदाही उल्लंघन झाले नाही. आदर्श अंमलबजावणीबद्दल समितीचे अभिनंदन.' खाली शिक्का.

उत्कर्षाची फाइल काढली. पहिलं पान वाचलं. तिने तिथे लिहून ठेवलंय की मर्यादा हजारावर गेली तर अटकाव उरणार नाही, एका हंगामात पकड पंधराशेच्या खाली येईल. तारीख ५ जून २००४. बैठकीच्या दोन दिवस आधीची.

२ जून, गुरुवार

बायडाबाई घरी आल्या. पत्ता शोधत, न कळवता. मी म्हटलं बसा, त्या बसल्या नाहीत. तीनपैकी दोन बोटी विकल्या. सोसायटीतल्या निम्म्या घरांनी विकल्या. तरणी माणसं कंपन्यांच्या गोदामात कामाला गेली, आणि आता गोदामंही माल नाही म्हणून बंद होतायत.

मी म्हटलं, "तुम्हालाच नऊशे नको होते, बाई. तुम्हीच भांडलात."

"भांडणारच की!" त्या ओरडल्या. शेजारच्यांची खिडकी उघडली. "माझ्या मागं चारशे घरं. मी भांडाय नको तर कोनी भांडायचं? माझं कामच ता. पण तुमी शिकल्या-सवरलेल्या, तुमाला कळत व्हता. ती पोर वरडून सांगत व्हती. तुमी आमचा आयकला कशाला?"

मी म्हटलं, मी तुमचं ऐकलं नाही, मी नियमाप्रमाणे गेले.

त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं तसं आजवर कोणी बघितलेलं नाही. पायऱ्या उतरून गेल्या. बाळदादा आतल्या खोलीत होता, त्याने सगळं ऐकलं. जेवताना त्यानेच मला वाढलं.

३ जून, शुक्रवार

उत्कर्षाच्या कंपनीत फोन केला. ती आता तिथे नाही. कुठे गेली हे सांगायचा त्यांचा नियम नाही.

६ जून, सोमवार

रावसाहेबांचा फोन. पुढच्या हंगामाची मर्यादा उद्यापर्यंत हवी आहे.

मी म्हटलं, तीन वर्षांच्या सरासरीत मागची दोन वर्षं चौतीसशे-चौतीसशेची आहेत आणि हे तेराशे दहाचं. नियमाने सोळाशे बावीस टन येतात.

"उत्तम," ते म्हणाले. "द्या पाठवून."

"अहो, पण तेवढा मासाच नाही समुद्रात!"

"मग तर फारच छान, ताई," ते म्हणाले, आणि ते चेष्टा करत नव्हते. "म्हणजे याही वर्षी उल्लंघन होणार नाही."

मी हो म्हटलं नाही. पण नाही सुद्धा म्हटलं नाही, हे इथे लिहून ठेवते. उद्या बाराला त्यांचा शिपाई आकडा न्यायला येणार आहे.